वर्षाला दूध काहून आलं

"हिच्या छातीतून दूध येऊन राहिलं डॉक्टर बाई. अन् माहा पोरगा पंधरा-पंधरा दिवस घरी नसते. आता तुमीच सांगा, हे काय हाय ते."

काकू खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलल्या. केबिनचं दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी हातातले मोबाइल खाली केले. सून काकूंच्या मागे उभी होती. तिने छातीवर ओढणी दुहेरी घेतली होती आणि ती माझ्या टेबलाकडे बघत होती.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. रायपुरात तात्यापाऱ्यात माझं क्लिनिक आहे. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. माझे निम्मे पेशंट छत्तीसगढी बोलतात, बाकीचे बहुतेक हिंदी, आणि पुरानी बस्तीतली जुनी मराठी घरं अर्धी मराठी अर्धी हिंदी. या काकू तिथल्याच. सुनेचं नाव वर्षा म्हणू या. माहेर गोंदियाचं, वय पस्तिशीच्या पुढे, मुलगा सहावीत. नवरा नीलेश कोरब्याला एका कारखान्यात, सुट्टी मिळेल तसा येणारा.

"काकू, तुम्ही जरा बाहेर बसा."

"काहून? मी सासू हाय हिची."

"म्हणूनच. मला पेशंटशी एकटीशी बोलावं लागतं. सगळ्यांशीच असं बोलते मी."

त्या गेल्या. सिस्टरने दार लावलं. दार लागल्यावर वर्षा खुर्चीत बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "मॅडम, मला कॅन्सर झाला का?"

मी म्हटलं, आधी सांग तर काय होतंय.

तिने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत. पाळी चुकत होती, मग यायचीच बंद झाली. छाती जड वाटायची, इतकी की कुर्त्याचं कापड घासलं तरी नको व्हायचं. एक दिवस आंघोळीच्या वेळी पांढरा थेंब दिसला. दोन्हीकडून. तेव्हापासून ती रोज दाबून बघायची, आज आहे का गेलं. सासूने वाळत घातलेल्या कपड्यांवरचे डाग बघितले आणि मग ती हिचं पोट निरखायला लागली.

"आणि नीलेश?"

तिने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "ते आले की मी मुलाजवळ झोपते."

"दुखतं म्हणून?"

"दुखते पण. पण मॅडम, मनच होत नाही. आधी असं नव्हतं. आधी ते जवळ आले, छातीला हात लावला, तर मला आवडायचं. आता हात आला की अंग चोरून घेते मी. त्यांना वाटते माझं दुसरीकडे आहे. म्हणत नाहीत, पण वाटते."

हे बोलायला तिला बराच वेळ लागला. मी घाई केली नाही. अशा वेळी डॉक्टरने मध्ये बोललं की पेशंट परत पाळीच्या तारखांवर जाते.

तपासलं. गाठ नव्हती. थेंब दुधासारखा, दोन्ही बाजूंनी, एकाहून जास्त छिद्रांतून. वाचकांसाठी सांगते. एकाच बाजूने, एकाच छिद्रातून, आपोआप येणारा आणि रक्ताळलेला स्राव आम्हाला जास्त काळजीचा वाटतो. दोन्हीकडून दूध येतं तेव्हा बहुतेक वेळा दोष स्तनात नसतो. कुठून तरी दूध बनवायचा हुकूम सुटलेला असतो. हुकूम कोण देतं ते शोधायचं.

पहिली शंका अर्थात गरोदरपण. लघवीची टेस्ट लगेच केली. निगेटिव्ह. सोनोग्राफी केली. गर्भाशय रिकामं.

"काकूंना सांगू का? तू म्हणशील तरच."

"सांगा," वर्षा म्हणाली. "जोरात सांगा."

मी काकूंना आत घेतलं आणि सांगितलं की सून गरोदर नाही. माझा समज होता की इथे विषय संपेल. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग आधी असंल. मोकळी होऊन आली असंल कुठून."

वर्षाने मान वर केली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. "आई, मी कुठे गेले होते? गोल बाजारच्या पुढे मी एकटी कधी गेले?" असं म्हणून तिने पर्स उचलली आणि बाहेर जाऊन बसली. मी काकूंना म्हटलं, तपासणीत तसं काहीही दिसत नाही आणि रिपोर्ट येईपर्यंत हे वाक्य घरात परत बोलायचं नाही. त्यांनी 'हव', म्हणजे हो, म्हटलं, पण ते मनापासून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेतलं. त्याच दिवशी घेतलं नाही, कारण छाती तपासल्यावर लगेच रक्त घेतलं तर आकडा उगाच वाढू शकतो. टेस्ट होती प्रोलॅक्टिनची, सोबत थायरॉइडची. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती ते सोडते. थायरॉइड बरोबर निघालं. प्रोलॅक्टिन नॉर्मलच्या बरंच वर.

मी वर्षाला फोन केला आणि नीलेशला घेऊन यायला सांगितलं. तो सुट्टी टाकून आला. उंच, दाढी न केलेला माणूस. मराठी सगळी समजायची, बोलायचा मात्र हिंदीत. काकू पण आल्या, पण या वेळी न सांगता बाहेर बसल्या.

"मैडम, मेरे को सीधा बता दो," नीलेश म्हणाला. "माँ कुछ बोलती है, ये कुछ बोलती है. मैं उधर मशीन पे खड़ा रहता हूँ और दिमाग़ इधर रहता है."

"तुम्हाला कशाचा त्रास होतो? दुधाचा?"

त्याने वर्षाकडे बघितलं. मग हळू म्हणाला, "दूध का नहीं. ये हाथ नहीं लगाने देती. मेरे से मन भर गया होगा."

मी टेबलावरचा कागद ओढला आणि चित्र काढायला लागले. चित्र मला येत नाही, पण बोलताना पेशंटला माझ्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हा त्याचा फायदा.

मी त्यांना सांगितलं ते असं. स्तनाग्राच्या त्वचेत नसांची टोकं खूप दाट असतात. त्यांचा निरोप बरगड्यांमधून पाठीच्या कण्यात जातो आणि तिथून मेंदूत. मेंदूत तो दोन वेगळी कामं करतो. एक काम आईचं. बाळ ओढतं, निरोप पिट्युटरीला पोचतो, दूध बनतं आणि सुटतं. दुसरं काम सुखाचं. स्तनाग्राचा स्पर्श मेंदूत जिथे नोंदला जातो, त्याच्या आसपासच खालच्या नाजूक भागाचाही नोंदला जातो. म्हणून पुष्कळ बायकांना छातीला हात लागला की सगळ्या अंगात इच्छा जागते. काहींना तसं काहीच होत नाही. दोन्ही नॉर्मल. आणि एकाच बाईला पाळीच्या आधी तोच स्पर्श दुखतो आणि नंतर आवडतो, तेही नॉर्मल.

"आता प्रोलॅक्टिन वाढलं की काय होतं? शरीराला वाटतं, बाळ अंगावर पितंय. मग ते पाळी थांबवतं, छाती जड करतं. खालचा भाग कोरडा पडतो, म्हणून संबंध दुखतात. आणि इच्छा कमी करतं. इच्छेला मेंदूत एक रसायन लागतं, डोपामिन. तेच रसायन प्रोलॅक्टिनला दाबून ठेवतं. एक खाली गेलं की दुसरं वर येतं."

नीलेश चित्राकडे बघत होता. "मतलब ये मेरे से नाराज़ नहीं है?"

"ते तिलाच विचारा."

वर्षा म्हणाली, "तुमच्यावर कशाला नाराज राहू? मलेच समजत नव्हतं काय होऊन राहिलं."

नीलेशने आपली पाण्याची बाटली उघडून तिच्यासमोर ठेवली.

पण काम संपलं नव्हतं. प्रोलॅक्टिन वाढलंय हे कळलं, कशाने ते कळलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का, बीपीची, झोपेची, मानसिक आजाराची. ती म्हणाली, काहीच नाही. परत विचारलं. परत तेच. उरली पिट्युटरी. तिथे छोटी, बहुतेक वेळा साधी गाठ होऊ शकते. एमआरआय करावा लागणार होता.

शब्द जपून वापरले तरी उपयोग झाला नाही.

"दिमाग़ में गाँठ?" नीलेश उभा राहिला.

"असेलच असं नाही. बघून घ्यायचं."

वर्षाचा चेहरा पांढरा पडला. काल-परवापर्यंत तिला छातीच्या कॅन्सरची भीती होती. मी ती काढली आणि तिच्या हातात मेंदूची दिली. मला स्वतःलाच ते बरं वाटत नव्हतं.

मी एमआरआयची चिठ्ठी लिहायला घेतली, तेवढ्यात काकूंनी दारातून डोकं आत घातलं.

"अजून टाइम लागंल काय? हिची जेवायच्या आधीची गोळी राहिली. मंग जेवली की छातीत जळजळ करते, अन् रात्रभर मले ऐकवते."

मी पेन खाली ठेवलं.

"कोणती गोळी, काकू?"

"काही नाई, गॅसची."

"वर्षा, तू तर म्हणालीस औषध चालू नाही."

"औषध नाही मॅडम," ती खरोखर गोंधळून म्हणाली. "गॅसची गोळी आहे."

काकूंनी कमरेच्या पिशवीतून पट्टी काढली. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. एका कॅप्सूलमध्ये दोन औषधं. एक आम्ल कमी करणारं. दुसरं पोटातलं अन्न पुढे ढकलणारं. हे दुसरं औषध डोपामिनचं काम अडवतं. पोटात अडवलं की जठर जोरात चालतं, ढेकर कमी होतात, बरं वाटतं. पण ते पिट्युटरीतही अडवतं. तिथला ब्रेक सुटतो आणि प्रोलॅक्टिन चढत जातं. औषध वाईट नाही. योग्य पेशंटला, थोड्या दिवसांसाठी, उपयोगाचं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर लोक घरातल्या पट्ट्या तपासून स्वतःच्या मनाने बंद करतील, आणि मग त्यांचे डॉक्टर मला फोन करतील.

"किती दिवसांपासून घेते ही?"

"लय झाले. माह्यासाठी लिवली होती त्या पोटाच्या डॉक्टरनं. मले आराम पडला. हिले एका लग्नात अ‍ॅसिडिटी झाली, तर मी दिली. मंग मेडिकलमधून आणून ठेवते. सकाळ-संध्याकाळ मीच देते हिच्या हातावर, नाई तर ही विसरते."

मी समजावून सांगितलं, सोप्या शब्दांत, एकदाच. काकू ऐकत होत्या. मध्येच त्यांनी दाराची चौकट धरली.

"म्हंजे हे दूध... माह्या गोळीनं?"

"बहुतेक. बंद करून बघू."

काकू आत येऊन बसल्या. नीलेश आईकडे बघायचं टाळत होता. मला त्यांना काही सुनावायचं नव्हतं. त्यांनी गोळी मायेने दिली होती, पण ते 'मोकळी होऊन आली'चं वाक्य मायेचं नव्हतं. दोन्ही त्यांच्याच हातून घडलं होतं. ते त्यांनी बघायचं.

मी त्या पोटाच्या डॉक्टरांना फोन लावला. ओळखीचे आहेत.

"सुनेला दिली? मी सासूला पंधरा दिवसांसाठी लिहिली होती."

"सासूबाई उदार आहेत."

"बंद करा ना मग. जळजळीसाठी साधी गोळी चालेल. राहिलं तर माझ्याकडे पाठवा."

गोळी बंद केली. वर्षाला आणखी एक गोष्ट बजावली, दाबून बघणं बंद. दाबलं की नसा मेंदूला सांगतात, बाळ पितंय, आणि दूध चालूच राहतं. एमआरआय थांबवला, रद्द केला नाही. डोकेदुखी किंवा नजरेत काही फरक असता तर थांबलेच नसते. काही आठवड्यांनी परत रक्त घ्यायचं ठरलं. तो आकडा खाली आला नाही तर गाठीची शंका पुन्हा उभी राहणार होती. तेवढे दिवस ती शंका अधूनमधून माझ्याही मनात यायची.

रिपोर्ट संध्याकाळच्या ओपीडीत आला. प्रोलॅक्टिन नॉर्मल. मी पुढच्या पेशंटला थांबवून आधी वर्षाला फोन केला. पलीकडून ती म्हणाली, "मॅडम, मी एक मिनिट बसते." फोन हातात धरून ती बसली, मी वाट बघितली. मग आम्ही दोघीही हसलो.

पाळी त्यानंतर आली. थेंब हळूहळू थांबले. छातीचा जडपणा गेला. पुढच्या खेपेला दोघंच आले. नीलेशने दाढी केली होती.

"इच्छेचं काय?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारते, कारण पेशंट आपणहून सांगत नाही.

वर्षा लाजली, पण बोलली. "येते. पण पूर्वीसारखी लगेच नाही."

"रिपोर्ट नॉर्मल आला त्याच दिवशी मन नॉर्मल होत नाही. इतके महिने तू अंग चोरत होतीस. त्याची सवय जायला वेळ लागतो. घाई करू नका. काय आवडतं, काय नाही, ते त्याला सांग."

"बताती है अब," नीलेश म्हणाला आणि लगेच छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

मी काकूंचं विचारलं. वर्षा म्हणाली, "माफी नाही मागितली. पण राजनांदगावच्या नणंदेला फोन केला. तिला पण सांगितलं होतं ना त्यांनी माझ्याबद्दल. म्हणाल्या, पोट्टीचं काही नाही, गोळीचं होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं."

"मग?"

"मग काही नाही. मी अजून पूर्ण बोलत नाही त्यांच्याशी. बोलेन."

तेवढं पुरेसं होतं. मी तिला पुढची तारीख दिली नाही. गरज नव्हती.

आता मी औषधांबद्दल विचारताना "गॅसची, शक्तीची, आयुर्वेदिक, सासूने दिलेली, शेजारणीने दिलेली" असं सगळं म्हणून घेते. पेशंट हसतात. त्यातल्या काही हसता हसता थांबतात आणि पर्समध्ये हात घालतात.