डिफेन्स बघणारे बापू

मॅच चालू असताना बॉलकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बॉल समोरच्या गोलपाशी, आपली पोरं तिकडे धडका देतायत, सगळे घसा फोडून ओरडतायत आणि हे गृहस्थ हाताची घडी घालून आपल्याच रिकाम्या अर्ध्या मैदानाकडे टक लावून उभे. तिथे बघण्यासारखं काय असतं? चार बॅक, एक गोलकीपर आणि गवत. मला वाटलं, यांचं कुणाशी तरी बिनसलंय, म्हणून तोंड फिरवून उभे आहेत. मग मॅच संपल्यावर माझा नवरा निखिल म्हणाला, ते बापू, ते मॅच नाही बघत, डिफेन्स बघतात.

बापू कोल्हापूरचे. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात मेकॅनिकलमध्ये पीएच.डी. करत होते, म्हणजे मी लग्न होऊन आले तेव्हाही करत होते आणि त्याच्या बऱ्याच आधीपासूनही. आम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठे, म्हणून नाव बापू. कोल्हापूरच्या पेठेत तालमीच्या फुटबॉल संघामागे हिंडत, त्याच्यासाठी भांडणं आणि क्वचित मारामाऱ्या करत वाढलेला हा माणूस स्वतः मात्र कधी धड खेळला नव्हता. मी एकदा टोमणा मारला तर शांतपणे म्हणाले, "खेळणारे लई हायत वो वहिनी. बघणारं कुणीतरी पायजे की." जर्मन ते उत्तम बोलायचे, पण मराठीत कोल्हापूर सोडायचं नाही हा त्यांचा हट्ट होता. माझ्या पुणेरी मराठीला ते 'इस्त्रीची भाषा' म्हणायचे आणि मला त्याचा मनापासून राग यायचा.

गाव फुटबॉलवेडं. टेकडीवर मोठं स्टेडियम, पुढच्या वर्षी वर्ल्ड कपच्या मॅचेस तिथे व्हायच्या होत्या, त्यामुळे बेकरीतल्या बाईपासून आमच्या घरमालकापर्यंत सगळे आधीच वेडे झालेले. त्या वाऱ्यात विद्यापीठातली लीगसुद्धा भारी महत्त्वाची वाटायची. प्रत्येक विभागाचा एक संघ, आणि एक संघ परदेशी विद्यार्थ्यांचा. तो आमचा. निखिल त्याचा कॅप्टन आणि स्टॉपर, म्हणजे गोलपुढची भिंत. घरी जाड भिंगाचा चष्मा आणि मैदानावर लेन्स. घरात त्याला मोजे सापडायचे नाहीत, पण मैदानावर कोण कुठे उभं राहायला हवं ते त्याला बरोब्बर कळायचं. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, लपवायचं कशाला.

उन्हाळी सेमिस्टर सुरू झालं, लीग सुरू झाली आणि पहिल्या दोन्ही मॅच आम्ही हरलो. पोरं गोल मारत होती, पण त्याहून जास्त खात होती, आणि तेही सगळे डाव्या बाजूने. मॅच संपली की आमची मराठी मंडळी थर्मासमधला चहा आणि चिवडा घेऊन गवतावर बसायची आणि डिफेन्सची चिरफाड सुरू व्हायची. सगळ्यांत मोठा आवाज अमोलचा. अमोल निखिलच्याच विभागातला, पिंपरीचा. त्याचं निदान पक्कं होतं: डावा बॅक टिल कुचकामी आहे. टिल हा आमच्या संघातला एकमेव जर्मन मुलगा. स्वतःच्या विभागाच्या संघात त्याला जागा मिळाली नव्हती, म्हणून आमच्यात आलेला. लाजाळू, उंच, कुणी काही बोललं की 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान डोलावणारा. त्याच्यासमोरच मराठीत त्याचे वाभाडे काढले जायचे आणि तो आमचा चिवडा खात हसायचा.

आमच्या लोकांची ही रीतच. आपला माणूस कधी चुकत नाही, त्याला फक्त साथ मिळत नाही. निखिल आपला, म्हणून निखिल बरोबर. टिल बाहेरचा, मग सगळं खापर त्याच्यावर. मीही त्यात होतेच, माझा तर नवराच होता.

दुसऱ्या मॅचनंतर सगळे आमच्याकडे जेवायला आले. मी आमटी वाढत होते आणि अमोल सांगत होता की टिलला काढून कुणाला घ्यावं. बापू एवढा वेळ खाली मान घालून जेवत होते. एकदम म्हणाले, "टिल बराबर हाय. निखिलला बसवा."

निखिल आधी हसला आणि मग त्याचं हसू विरलं. माझ्या हातात पळी होती, ती मी पातेल्यात आदळली. म्हटलं, बापू, ज्याच्या घरी जेवताय त्यालाच बसवा म्हणताय, तर पुढच्या वेळी जेवण पण स्वतःच्या खोलीवर करा. मी असं बोलले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. बापूंनी उरलेली आमटी संपवली, ताट घासून ठेवलं आणि दारात बूट घालताना हळूच म्हणाले, "रागवा तुमी. पण गडी आजकाल डोळं वळवून बघत न्हाय, मान वळवून बघतोय. डाव्या बाजूला. बघा जरा." मला काही कळलं नाही. निखिलला काढायला निमित्त शोधतायत, एवढंच वाटलं.

पण कानात गेलेलं बाहेर कुठे काढता येतं? मी बघायला लागले. निखिलचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागत होता. त्याच्या डाव्या हाताशी ठेवलेला ग्लास तो पाडत होता. रस्ता ओलांडताना सायकलवाला अगदी जवळ आला तरी त्याला कळलं नाही, मीच ओढलं त्याला. विचारलं तर म्हणाला, झोप कमी झालीय, थिसिसचं डोक्यात चालू असतं. मीही ते मानून घेतलं, कारण मानून घेणं सोपं होतं.

तिसरी मॅच शनिवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी बापू न बोलावता आले. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, तरी चहा टाकला. ते सोफ्यावर निखिलच्या डावीकडे बसले आणि चिवड्याची बशी हळूच त्याच्या बाजूने पुढे केली. निखिल बोलत राहिला, बशीकडे बघितलंच नाही. मला वाटलं, रुसलाय. थोड्या वेळाने बापूंनी पुन्हा बशी पुढे केली, अगदी त्याच्या कानाजवळ नेली. निखिलला पत्ता नाही. मग ती बशी बापूंनी उजवीकडून धरली तर निखिलने सहज मूठभर चिवडा उचलला. मी ओट्याशी उभी होते. तिथून मला सगळं दिसलं.

"किती दिस झालं?" बापूंनी विचारलं.

निखिलने मूठ उघडून चिवडा बशीत परत टाकला. मग हळूहळू बाहेर आलं. प्रॅक्टिसमध्ये एकदा जवळून मारलेला बॉल डाव्या डोळ्यावर बसला होता. त्यानंतर डोळ्यापुढे काळे ठिपके, मग अधूनमधून वीज चमकल्यासारखं, आणि आता डाव्या कोपऱ्यात एक सावली, रोज थोडी आत सरकणारी. लेन्सचं काहीतरी असेल असं वाटलं म्हणे. डोळ्यांच्या डॉक्टरचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतलेला होता, तो पुढच्या महिन्यातला. या देशात टर्मिन असाच मिळतो, आणि त्याने तो असाच घेतला होता, जसा कुणी दात साफ करायला घेतो. मला सांगितलं नव्हतं. मी घाबरेन म्हणून.

बापू म्हणाले, त्यांच्या तालमीच्या संघात एक बॅक होता, त्याचंही असंच झालं. डोळ्याचा आतला पडदा सुटत होता आणि हा खेळत होता. "आमी समदे त्याला शिव्या घालत हुतो, निख्या. बाजू सोडतोय म्हणून. कुणीच नीट बघितलं न्हाय. डोळा गेला त्याचा." मग उठून जॅकेट घालत म्हणाले, चल, आत्ता जाऊ हॉस्पिटलला, सुट्टीच्या वेळेचे डॉक्टर असतात तिथे.

निखिलने ऐकलं नाही. तिसरी हरलो तर संघ खालच्या गटात जाणार, कॅप्टनने ऐन वेळी पाय मागे घ्यायचा नाही, एवढे आठवडे काही झालं नाही तर एका मॅचने काय होणार. मॅच संपली की लगेच जाऊ, शपथ. मी रडले, ओरडले, आईला फोन लावते म्हटलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात किट उचलून निघून गेला.

मी ओल्या केसांनी धावत मैदानावर पोचले तर दोन्ही संघ उभे होते, रेफ्री घड्याळ बघत होता, आणि आमच्या गोलपुढे, नेमके निखिलच्या जागेवर, बापू मांडी घालून बसले होते. जेवायला बसावं तसे. रेफ्रीने आधी समजावलं, मग दरडावलं, मग सांगितलं की हा माणूस हलला नाही तर मॅच समोरच्या संघाला देऊन टाकेन. अमोल आणि बाकीचे बापूंवर तुटून पडले. कोल्हापूरचा तमाशा इथे नको, म्हातारे झालात पण अक्कल नाही, काय वाट्टेल ते बोलले. बापूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. फक्त निखिलला म्हणाले, "तू भायेर जा, मग मी भायेर जातो. तोवर ह्यो बसलो."

निखिल लाल झाला होता. त्याला मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. त्याने बापूंची कॉलर धरली. मला खरंच वाटलं की आता तो हात उचलणार. तेवढ्यात टिल माझ्याजवळ आला आणि काय झालंय विचारलं. माझं जर्मन तेव्हा बाजारहाटापुरतं. मी निखिलकडे बोट दाखवलं, स्वतःचा डावा डोळा हाताने झाकला आणि म्हटलं, आउगे, काप्पुट. डोळा, खराब. टिलने एकदा निखिलकडे पाहिलं. मला वाटतं त्याला त्या क्षणी मागच्या दोन्ही मॅच आठवल्या असतील, आणि त्याला बसलेल्या सगळ्या शिव्यासुद्धा, कारण सूर कळायला भाषा लागत नाही. तो गेला आणि बापूंच्या शेजारी गवतावर बसला. लांब पाय दुमडून.

ज्याच्यावर आम्ही सगळं ढकललं होतं तो पोरगा निखिलसाठी बसला म्हटल्यावर अमोलचं तोंड बंद झालं. निखिलने कॉलर सोडली. दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून टिलच्या हातात दिली आणि माझ्याकडे चालत आला. चालताना तो मैदानाच्या कडेच्या झेंड्यावर आदळला. झेंडा त्याच्या डावीकडे होता.

हॉस्पिटलमधली डॉक्टर तरुण होती. बराच वेळ यंत्रातून बघत राहिली, मग म्हणाली, आल्झो, म्हणजे असं बघा, पडदा मधल्या भागाच्या अगदी कडेपर्यंत सुटलाय. आज खेळला असता आणि डोक्याने एक बॉल मारला असता तर कदाचित सगळाच गेला असता. आजच ऑपरेशन करावं लागेल. मधली नजर वाचवायचा प्रयत्न करू, कडेची परत येईल असं सांगता येत नाही. मी मान हलवली आणि तिथेच उभी राहिले. बापूंनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि स्वतः ऑपरेशनच्या दाराकडे तोंड करून उभे राहिले. मी दोनदा म्हटलं, बापू, बसा. बसले नाहीत. मला वाटतं त्या दिवशी ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते, फक्त त्यांना रडता येत नव्हतं.

मधली नजर वाचली. वाचता येतं, कोड लिहिता येतं, मला ओळखता येतं. डाव्या कडेची गेली ती गेलीच. पडदा जागेवर चिकटून राहावा म्हणून ऑपरेशननंतर डोळ्यात गॅस भरलेला होता, त्यामुळे निखिलला सारखं पलंगाच्या कडेबाहेर मान काढून, खाली तोंड करून पालथं पडून राहावं लागायचं. माणसाचं तोंड दिसत नाही म्हणून तो फार चिडायचा. मग बापूंनी काय करावं? रोज संध्याकाळी येऊन त्या कडेखाली डोकं ठेवून, जमिनीवर उताणे पडायचे आणि निखिलला तोंडासमोर दिसत बोलायचे. टिल कसा पुढे येतो, नवा स्टॉपर कुठे चुकतो, सगळं साग्रसंगीत. संघ खालच्या गटात गेला होता. ते त्यांनी सांगितलं आणि वर म्हणाले, खालच्या गटातही डिफेन्स लागतोच की.

निखिल हिंडायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बापू त्याच्या डाव्या बाजूनेच चालायचे. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, बसस्टॉपवर, बाजारात, कुठेही. कुणी त्या बाजूने आलं तर हलकेच हात पुढे करायचे, निखिलच्या खांद्याला बोटही न लावता. कधी त्याबद्दल बोलले नाहीत. निखिलनेही कधी विषय काढला नाही, पण बापू नसले की तो भिंतीला धरून चालायचा.

शेवटी बापूंची पीएच.डी. झाली. आम्ही सगळ्यांनी विश्वास बसेना म्हणून दोनदा पार्टी केली. कोल्हापूरजवळच्या कॉलेजात शिकवायची नोकरी त्यांनी घेतली. इथे म्युनिककडे मिळत होती, ती सोडून. त्यांना सोडायला आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. त्या दिवशी सकाळीच माझं आणि निखिलचं कशावरून तरी चांगलंच वाजलं होतं, मी तोंड फुगवून त्याच्या उजवीकडून, चार पावलं लांब चालत होते. गाडी आली. बापूंनी बॅग आत टाकली, परत उतरले, माझ्या दंडाला धरून मला निखिलच्या पलीकडे आणून उभं केलं, त्याच्या डावीकडे, जिथे इतके दिवस ते स्वतः असायचे.

"वहिनी, ही बाजू आता तुमची," म्हणाले. "भांडायचं तर हितनं भांडा."

आता आम्ही दुसऱ्या गावी, एश्बॉर्नला राहतो. भांडणं होतात, चांगली कडकडीत होतात. घरातून निघताना मी एक शब्द बोलत नाही त्याच्याशी. पण जिना उतरून रस्त्यावर आलो की मी वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला जाते.