बूच मारलेला ट्रंपेट

बँडमध्ये वीस माणसं दिसली की वीसच्या वीस वाजवतात, असं समजू नका. चौदा वाजवतात, सहा नुसती उभी असतात. धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि बाहेर कोणी ब्र काढत नाही. गिऱ्हाइकाला ताफा मोठा दिसायला हवा असतो, मालकाला स्वस्तात उरकायचं असतं. म्हणून सहा जणांना तोच लाल कोट, तीच सोनेरी झालर, तीच तुऱ्याची टोपी चढवतात आणि हातात वाद्य देतात. चुकूनमाकून आवाज निघू नये म्हणून त्यात आतून बूच मारलेलं असतं. अशा माणसाला बँडवाले ‘मुका’ म्हणतात.

आपल्या गोष्टीतला माणूस बावीस वर्षं मुका होता. आणि घरी, नातेवाइकांत त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत. आता बोला!

सुरुवात साधीच होती. छापखाना बंद पडला, हाताला काम नाही, तेव्हा बँडमालक म्हणाला, "उंची चांगली आहे तुझी, कोट शोभेल. ये दोन महिने." मास्तरनं कोट घरी आणला. बायकोनं तो दाराला अडकवला, दोन पावलं मागं सरली आणि बघतच राहिली.

"अहो, तुम्हाला वाजवता येतं? कधी बोलला नाहीत ते!"

‘नाही’ म्हणायला तेवढाच एक क्षण होता. पण त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे मास्तरच्या साडूला, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कायमची नोकरी लागली होती, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तेच सांगत होत्या. मास्तरच्या तोंडून निघून गेलं, "येतं की. लहानपणी शिकलोय."

झालं! खोटं बोलायला काय, जीभ उचलली की झालं. सांभाळताना दम निघतो. घरी सराव का करत नाही? मालक वाद्य बाहेर नेऊ देत नाही. शीळ घालणं बंद, गुणगुणणं बंद, कारण सूर चुकला तर? बायको बिचारी रोज कोमट मिठाचं पाणी करून द्यायची, वाजवून ओठ सुजत असतील म्हणून. हा बाबा मुकाट्यानं गुळण्या करायचा. सुरुवातीला तर चहासुद्धा गाल फुगवून फुंकायचा, सवय दिसावी म्हणून. पुढं कळलं की खरा वाजवणारा गाल फुगवतच नाही. मग ते फुगवणंही हळूच बंद केलं.

हे त्याला सांगितलं बँडमधल्या मुख्य ट्रंपेटवाल्यानं. तो एक वाळकुडा म्हातारा होता, दोन जिने चढला तरी धापा टाकणारा. पण ट्रंपेट ओठांना लागला की उभ्या रस्त्याच्या खिडक्या थरथरायच्या. मास्तरची जागा त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर. बावीस वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की त्या सुरानं मास्तरच्या अंगावर काटा आला नाही. एवढ्याशा छातीतून हे येतं तरी कुठून? म्हातारा श्वास कुठं चोरतो, सूर कुठं सोडतो, कुठं नुसता टेकवून ठेवतो, सगळं तो टिपून घ्यायचा. देवानं त्याला कान दिले होते, आणि हातात बूच मारलेलं पितळ.

इकडं साडूची वेगळीच तऱ्हा. कायमची नोकरी, स्वतःच्या दोन खोल्या, पुढं पेन्शन. पण चार माणसं जमली की सगळी मास्तरभोवती. "परवा मिरवणुकीत दिसलात बरं का! काय तो रुबाब!" पंप सुरू केला नि पंप बंद केला, यात सांगण्यासारखं काय असणार? सासूबाईही हळूहळू फिरल्या. "माझा मोठा जावई कलाकार!" साडू हसायचा आणि आतल्या आत जळायचा. मास्तर साडूच्या पेन्शनवर जळायचा. दोघंही एकमेकांच्या ताटात बघून जेवत होते.

सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. साडूच्या घरी सगळे जमले. जेवणं झाली, दुपारच्या चहाची भांडी वाजायला लागली, आणि साडू आतून एक काळी पेटी घेऊन आला. झाकण उघडलं. आत ट्रंपेट.

मास्तर बसल्या जागी मागं सरकला.

"अकरा वर्षं झाली," साडू सगळ्यांना सांगत होता, पण बघत होता मास्तरकडे. "पंपघरात शिकलो. पंपाच्या घरघरीत कोणाला ऐकू जात नाही. एक म्हातारे गुरुजी मिळाले, त्यांनी ओठ फुटेस्तोवर करून घेतलं. घरात हिलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. साडूभाऊ, एकदा तुमच्यासमोर वाजवायचं म्हणून शिकलो. आधी मी, मग तुम्ही. काय तो निवाडा सासूबाई करतील."

"वाजवतील की!" मास्तरची बायको ठसक्यात म्हणाली. "घाबरतात की काय!"

मास्तर मनात सबबी जुळवू लागला. ओठ सुजलाय. डॉक्टरांनी मना केलंय. दुसऱ्याचं वाद्य तोंडाला लावत नाही. शेवटची बरी होती, कलाकाराला शोभणारी. तीच सांगायची ठरवून तो सावरून बसला.

आणि साडूनं सुरुवात केली.

अहाहा! काय सांगू तुम्हाला! पंपाचे खटके दाबणारा, सदऱ्याच्या खिशाला कायम तेलाचा डाग असलेला तो माणूस, आणि पहिलाच सूर असा निघाला की कपाटातल्या काचेच्या भांड्यांनी साद दिली. गाल सपाट. श्वास कुठं घेतला कळू नये असा. संथ, ओढीची चाल होती. सासूबाईंचा हात कपावरच राहिला. सगळ्यांना छान वाटलं. पण ते किती छान आहे, हे त्या घरात एकालाच कळत होतं. मास्तरच्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले, आणि जुळवलेली सबब कुठल्या कुठं गेली.

साडूनं ट्रंपेट पुढं केला. "घ्या. तुमची पाळी."

"मला येत नाही," मास्तर म्हणाला.

एकच हशा पिकला. "बघा, मोठी माणसं अशीच असतात!" मेहुणी म्हणाली. "भाऊजी, पुरे झाला नम्रपणा!"

"खरंच येत नाही. मी बँडमध्ये नुसता उभा असतो. माझ्या ट्रंपेटात बूच आहे."

आणखी मोठा हशा. मग मास्तरनं ट्रंपेट हातात घेतला. पितळ साडूच्या श्वासानं अजून कोमट होतं. त्यानं ओठांना लावला आणि छाती भरून फुंकला. फुस्स. पोरं खिदळली. त्यानं पुन्हा फुंकला. पुन्हा वाराच. तिसऱ्यांदा फुंकला तेव्हा कोणी हसलं नाही.

"म्हणजे," बायकोचा आवाज चिरकला, "मी रस्त्याच्या कडेला उभी राहून शेजारणींना सांगत होते, तो सगळ्यात वरचा सूर आमच्या ह्यांचा... तो कोणाचा होता?"

"शेजारच्या म्हाताऱ्याचा," मास्तर म्हणाला. तिनं तोंड फिरवलं.

साडू खुर्चीत बसला. जिंकलेला माणूस असा बसत नाही. "अकरा वर्षं," तो पुटपुटला. "अकरा वर्षं मी तुमच्यावर जळत होतो. मग हे सगळं मी शिकलो कोणासाठी?"

मास्तर त्याच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी ट्रंपेट परत दिला.

"ते मला नाही सांगता यायचं, साडूभाऊ. वाजवता आलं नाही, पण बावीस वर्षं मी खऱ्या सुराच्या शेजारी उभा राहिलोय. हे खरं आहे. अस्सल आहे. फक्त दुसऱ्या ओळीत, उतरताना, श्वास तुटला तुमचा."

साडूनं झटकन मान वर केली. "कळलं तुम्हाला?"

"केसभर. पण कळलं."

"तिथं नेहमीच तुटतो," साडू हळू आवाजात म्हणाला. "गुरुजी गेल्यापासून सांगणारं कोणी नाही. थांबा, हलू नका." त्यानं ओठ पुसले आणि दुसऱ्या ओळीपासून पुन्हा धरलं.

मास्तर मांडी घालून बसला, डोळे मिटून. त्याच्याकडे आता घरातलं कोणीच बघत नव्हतं, बायकोसुद्धा नाही, आणि कोणी बघावं असं त्यालाही वाटत नव्हतं.