महालक्ष्म्यांसाठी घेतलेली गोळी

चंद्रकले, तुझी गोष्ट तिऱ्हाइतासारखी सांगते, नाहीतर मला राग आवरायचा नाही.

जळगाव जामोदच्या चंद्रकलेच्या स्तनातली कॅन्सरची गाठ १९८३ साली अकोल्याला काढली. ती परत येऊ नये म्हणून स्त्री-हार्मोनला अडवणारी गोळी रोज चालू होती. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच पाळी येणार, म्हणून सासूने दुकानातून पाळी लांबवायची गोळी आणवली. तीही हार्मोनचीच, म्हणजे अशा आजारात वर्ज्य.

“आत्याबाई, आधी डाक्टरले विचारू द्या. ह्या दोन गोळ्या एकमेकीच्या वैरी असल्या तं?”

“मंग पुरणाले हात कोन लावीन? साऱ्या गावच्या बाया घेतात, कोनाले काही झालं काय?”

साऱ्या गावच्या बायांना कॅन्सर नव्हता, हे घरात कुणी बोललं नाही. चंद्रकलेने गोळी गिळली आणि मग प्रत्येक सणाला गिळली. देवीने असलं सोवळं कधी मागितलं होतं? दोन वर्षांनी गाठ परत आली. कशाने, ते डॉक्टर ठामपणे सांगेनात; दुसऱ्या गोळीचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

“बाई, तुमी संगं चला. तुमच्यापुढं सासू डाक्टरचं ऐकीन,” असं ती त्या पहिल्या महालक्ष्म्यांनंतर मला, गावच्या शाळेतल्या बाईला, म्हणाली होती. दिवाळी झाली की सासूला घेऊन अकोल्याला जायचं ठरलं. ते जाणं राहूनच गेलं.