परत करण्याच्या बोलीवर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, टोक तुटलेलं महाळुंग आमच्या देवाला चालत नाही. आज हे मी हसत लिहितो आहे. सत्तर साली, मांडवाच्या सणाच्या आदल्या दिवशी मात्र माझं डोकं भणभणत होतं. आम्ही नगरचे बेने इस्राएल, मोजकी ज्यू घरं. शमुवेलकाकांची माडी हेच आमचं सिनेगॉग आणि प्रार्थना चालवणारेही काकाच. सणाच्या सकाळी खजुरीच्या झावळीसोबत महाळुंग, म्हणजे मोठ्या लिंबासारखं फळ, हातात धरून आशीर्वाद म्हणायचा असतो. त्या वर्षी काकांची छाती पार खचली होती. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं होतं. काकांचं मागणं एकच होतं. 'एकदा महाळुंग हातात दे रे.' आदल्या वर्षी ते मिळालंच नव्हतं.

राहात्याच्या एका बागेत सापडलं. पिवळंधमक, घाटदार, टोकासकट. उपरण्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. पुढच्या बाकावरच्या बाईंना मळमळू लागलं. कंडक्टर परोपकारी निघाला. 'साहेब, ते लिंबू द्या जरा हुंगायला,' म्हणत त्याने ते उचललंसुद्धा. बाईंनी हुंगलं, नखं रुतवली आणि मी उठेपर्यंत टोकाचा चावा घेतला.

'आता बरं वाटतंय,' त्या म्हणाल्या.

मला अजिबात बरं वाटत नव्हतं. देवा, द्यायचं नसेल तर नको देऊस, पण दाखवून काढून कशाला घेतोस, असं मी मनात त्याला चांगलं खडसावलं. मग आवाज चढवून बाईंना सगळी हकीकत ऐकवली. त्यांचं नाव गयाबाई. 'वरडू नका. माझ्या दारात झाड हाय. उतरा माझ्यासंगं.'

झाडावर एकच फळ होतं, निर्दोष. पण ते शुक्रवारी देवीच्या ओटीत घालायचं होतं.

'न्या उसनं. उद्या दुपारी नगरला यिऊन घिऊन जाईन.'

'उसनं चालत नाही हो. पहिल्या दिवशी ते स्वतःच्या मालकीचं लागतं.'

'इकत मागता व्हय? देवीचं इकत न्हाई.'

'मग बक्षीस द्या.'

'आन देवीला काय तुमचं तोंड दावू?' मग त्यांनीच तोड काढली. 'बरं, दिलं. तुमचंच झालं. पन उद्या तुमी मला द्यायचं, म्हंजे माझंच झालं.'

मी फळ उपरण्यात गुंडाळलं. आमच्या शास्त्रात नेमकी हीच सोय आहे: परत करण्याच्या बोलीवर दिलेलं दानही पुरतं दान असतं. माडीवर एकच फळ आम्ही याच बोलीवर एकमेकांना देत जातो. गयाबाईंच्या तोंडी हे कसं आलं, यावर मी आजही वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माडीच्या दाराशी पहारा ठेवून बसल्या. फळ हातोहात फिरलं आणि शेवटी काकांकडे आलं. धाप लागत होती, पण आशीर्वादाचा एक शब्द सुटला नाही. मग ते फळ छातीशी धरून बसून राहिले. त्यांना ते सोडवेना आणि मला उमजलं की काकाही आम्हाला याच बोलीवर मिळाले आहेत. पुरते आमचे, आणि परत द्यायचे. कितीतरी दिवसांचा देवावरचा माझा राग तिथेच उतरला. जेवढा काळ मिळालं तेवढा काळ ते खरोखर आमचं होतं, आभार मानायला तेवढं पुष्कळ होतं.

काकांनी स्वतः उठून फळ गयाबाईंच्या पदरात घातलं. त्यांनी आधी टोक तपासलं, मग धापा टाकणाऱ्या काकांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट करून सगळ्यांसमोर बोलून गेल्या, 'पुढल्या साली तुमीच या न्यायला. ह्यो बाबा लई डोकं खातो.'