गॅसचं मीटर आणि आईचं नाक

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर, डाव्या कोपऱ्यात पाइपच्या गॅसचं मीटर आहे. आधी काळे आकडे, मग तीन लाल. बिलाची वेळ आली की मी स्टुलावर चढून त्याचा फोटो काढते आणि कंपनीच्या अ‍ॅपवर टाकते. एरवी त्याच्याकडे बघायचं काही कारण नसतं. घरात माणसं दोनच, आई आणि मी. मी परळच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते, सकाळी सातला घर सोडते. दिवसभर स्वयंपाकघर आईचं.

मागच्या वर्षी एका रविवारी असाच फोटो काढला, तेवढ्यात फोन वाजला म्हणून खाली उतरले. तासाभराने पाहिलं तर फोटो हललेला. पुन्हा चढून दुसरा काढला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि चक्रावले. शेवटचे लाल आकडे पुढे गेले होते. शेगडी बंद होती.

"आई, मधे गॅस लावला होतास?"

"नाय गो," आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली. ती मेथी निवडत बसली होती. "चाय झाली तेव्हाच बंद केलंय."

मी शेगडीची दोन्ही बटणं फिरवून पाहिली. बंदच. मग स्टुलावर उभी राहून मीटरकडे टक लावून पाहत राहिले. मान दुखायला लागली तेव्हा कुठे चाराचा पाच झाला. मीटर स्वतःच्या मनाने पळत होतं.

गळती असेल असं कुणालाही आधी वाटेल. मला ते वाटलं नाही, कारण आमच्या घरात आईचं नाक होतं.

माझं नाक जन्मापासून चोंदलेलं. बारा महिने सर्दी, उशीखाली रुमाल. आईचं मात्र असं की, आता जिथे आमचा टॉवर उभा आहे तिथे चाळ होती तेव्हा ती गॅलरीच्या टोकाला उभी राहून पलीकडच्या टोकाच्या खोलीत कुळथाची पिठी आहे की सांबार, हे सांगायची. एकदा तर जिन्याखालच्या लाइटच्या मीटरच्या पेटीत वायर जळायला लागली होती. धूर दिसायच्या आधी आईने वासावरून ओळखलं आणि साऱ्या मजल्याला खाली उतरवलं. लालबागच्या आमच्या जुन्या बिऱ्हाडांना ती गोष्ट अजून आठवते. त्यामुळे मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "कुणाचं गॅसचं मीटर आपोआप पळतंय का?" तेव्हा पाच मिनिटांत अकरा जणांची मीटरं पळायला लागली. एकाने मीटरला हळूच टपली मारायला सांगितलं. पाचव्या मजल्यावरचे काका तेवढे शहाणे. त्यांनी लिहिलं, "गळती असेल. नळीला साबणाचं पाणी लावून बघा."

मी उत्तर दिलं, "गळती नाही. आई घरात असते."

काकांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "घरात गॅसचा वास येतोय का?"

"नाही."

"नक्की?"

"थांबा हं." मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं, "वास येतो का गो गॅसचा?"

आई ओट्यापाशीच होती. तिने मान वर केली, दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "नाय. कसलो वास?"

"नाही येत," मी फोनवर ठणकावून सांगितलं. "मीटरच सदोष आहे. तपासून द्या." मुलीने तरीही सांगितलं, शंका वाटली तर मीटरजवळचा मुख्य कॉक बंद ठेवा. मला शंकाच नव्हती.

बुधवारी मीटर तपासायला एक बाई आली. चाळिशीची, पाठीवर सॅक, पायात जाड बूट. मी मुद्दाम अर्धा दिवस रजा घेतली होती. दोन फोटो, कागदावर लिहून काढलेले आकडे, सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. तिने ते नीट पाहिलं. "छान लिहिलंय, ताई," म्हणाली. मीटरकडे मात्र ती गेलीच नाही. ओट्याखालचं कपाट, जिथून रबरी नळी शेगडीकडे जाते, त्याचं दार तिने उघडलं आणि झटकन मान मागे घेतली.

"अहो, वास केवढा येतोय! कुणी लाइटच्या बटणाला हात लावू नका. खिडक्या उघडा."

तिने मीटरजवळचा कॉक बंद केला. मी खिडक्या उघडल्या. मला तेव्हाही कसलाच वास येत नव्हता. हवा खेळल्यावर तिने कॉक जरासा उघडून नळीच्या जोडावर साबणाचं पाणी फवारलं. नळी जिथे पितळी तोटीवर चढवली होती तिथे बारीक बुडबुडे फुगायला लागले, एकामागून एक.

"मीटर बरोबर मोजत होतं, ताई," ती म्हणाली. "शेगडी बंद असताना आकडा सरकला की आधी कॉक बंद करायचा आणि लगेच फोन करायचा. फोटो नंतर." मग आईकडे वळून तिने विचारलं, "आजी, तुम्ही दिवसभर इथेच असता ना? तुम्हाला वास नाही आला?"

"सर्दी झाली हा माका," आई म्हणाली.

आईला सर्दी नव्हती. सर्दी मला होती. मी आईकडे पाहिलं तर ती पदराच्या टोकाने ओट्याची कड पुसत होती. ती कड आधीच स्वच्छ होती.

बाईने नळी बदलली, नवी क्लिप आवळली. मग सगळं बंद करून आम्ही तिघी मीटरखाली उभ्या राहिलो आणि पंधरा मिनिटं त्या शेवटच्या लाल आकड्याकडे पाहत बसलो. तो जागचा हलला नाही. आईने तिला चहा आणि दोन खोबऱ्याच्या वड्या दिल्या. जाताना तिने मला दारात हळूच सांगितलं, "आजींना डॉक्टरकडे न्या. एवढा वास येत नाही म्हणजे साधी गोष्ट नाही."

दार लावून मी आत आले. आई खुर्चीवर बसली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्या मोठ्या तापापासून," ती म्हणाली. "दोन वर्षां झाली. माका कसलोच वास येणा नाय."

मी खाली तिच्या पायाशी बसले. दोन वर्षं! तिच्या हातचं रोज जेवत होते मी. मग एकेक उलगडत गेलं. फोडणी ती आवाजावरून ओळखत होती; मोहरी तडतडायची थांबली की कांदा, कांद्याची चुरचुर मंदावली की मसाला. दूध चांगलं आहे का हे बघायला आधी चमचाभर उकळून पाहत होती. मासळी घेताना डोळे बघायचे, कल्ले उघडायचे, बोटाने दाबायचं. आणि संध्याकाळी मी दारातून आत आले की ती जे रोज हसत विचारायची, "वासावरून सांग बघू, काय केलंय?", ते मला कोडं घालणं नव्हतंच. काही करपलंय का, काही नासलंय का, हे ती माझ्याकडून काढून घेत होती. माझ्या चोंदलेल्या नाकाकडून! मी आमटीला कालवण आणि कालवणाला उसळ म्हणत आले होते.

"अगं पण मला सांगायचं नाहीस?"

"सांगलंय असतंय तर तू माका रांधूक दिलं असतंस?"

दिलं नसतं. दुसऱ्याच दिवशी पोळ्याभाजीला बाई लावली असती, इंडक्शनची शेगडी आणली असती आणि आईला टीव्हीसमोर बसवलं असतं. वर सगळ्यांना सांगत फिरले असते, मी आईची किती काळजी घेते म्हणून.

"माका काय वाटला," आई म्हणाली, "येयत वास हळूहळू. आणि त्या फोनवाल्या बायेन विचारला तेव्हा खरा सांगूक होया होता. चुकलंच माझा. तुका काय झाला असता तर?" आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

मलाही रडू आलं आणि माझं नाक आणखी चोंदलं. ते पाहून आई डोळे पुसता पुसता हसायला लागली. "काय नाकां आमच्या घरात," ती म्हणाली. "दोन असान एक चलणा नाय."

स्वयंपाक आईकडेच राहिला. त्याच संध्याकाळी मी गॅस ओळखणारं, भिंतीवर लावायचं यंत्र घेऊन आले. इलेक्ट्रिशियनने ते लावून दिलं आणि दाखवण्यासाठी त्याच्याजवळ लायटरचा गॅस सोडला. यंत्र असं किंचाळलं की समोरचे दोघे नवराबायको चपला न घालता धावत आले. आईला ते फार आवडलं. "हेका कोणी फसवूक शकणा नाय," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दादरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आईला तपासलं, व्यायाम सांगितला. लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब, चार छोट्या बाटल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तो वास कसा होता ते आठवायचं. महिनोन् महिने. येईलच असं नाही, पण सोडायचं नाही. हे सगळं मी वहीत उतरवून घेत होते, मधेमधे नाक ओढत. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमचं काय?"

"माझं काही नाही, माझं असंच असतं."

"बसा इथे," त्या म्हणाल्या, आणि आईच्या जागी मला बसवलं. नाकाचा पडदा वाकडा, आत सूज. चाळीस वर्षं मी जिला सर्दी म्हणत होते तिच्यावर औषध होतं. फवारा सुरू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात मला आमच्याच घरात खोबरं भाजल्याचा वास आला. मी ओरडून आईला सांगितलं. आई मला सारखं विचारत होती, "कसो येता? गोड येता? जळका येता काय?" आणि मी सांगत होते, जमेल तसं.

आईच्या बाटल्या चालू होत्या. एक दिवसही चुकला नाही. चार महिने काहीच नाही. मग एका सकाळी मी डबा भरत असताना तिने मोठ्याने हाक मारली. लवंगेची बाटली तिने हातभर लांब धरली होती आणि नाक मुरडलं होतं.

"हेका रॉकेलचो वास येता!"

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, चांगली खूण आहे, आधी चुकीचे वास येतात. मी ते आईला सांगितलं, पण तिला ऐकायची फुरसत नव्हती. तिने मालवणला मावशीला फोन लावला होता आणि आनंदाने ओरडून सांगत होती, लवंगेला रॉकेलचा वास येतो, घाणेरडा, एकदम घाणेरडा. पलीकडून मावशीचा आवाज मलाही ऐकू आला. ती काळजीने विचारत होती, "अगो, पण अशी लवंग आणलंस खयसून?"