तलाव कुणापासून वाचवायचा

माझ्या सासूबाईंना वस्तीत सगळे तोफ म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या धुणं करायच्या, दवाखान्याचं आणि स्टेशनजवळच्या लॉजचं. चादरी, अभ्रे, टॉवेल. आमच्या दोन पत्र्याच्या खोल्यांपैकी एकीत आम्ही राहायचो आणि दुसरीत लोकांच्या चादरी राहायच्या, आणि चादरींची खोली मोठी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा चुकून एका गठ्ठ्याला टेकून बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "ऊठ. ते गिऱ्हाइकाचं आहे. तू घरची आहेस, तुला जमीन चालेल."

वस्ती तलावाच्या काठाला लागूनच. काठावरच्या सपाट दगडांवर धुणं व्हायचं आणि थोडं वर, तलावाच्याच पाझरावर भरणारी एक विहीर होती, तिचं पाणी आम्ही प्यायचो. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पाणी होतं, आम्ही होतो.

मग पलीकडच्या काठावर उंच इमारती उभ्या राहिल्या. तलावाकडे तोंड केलेल्या गॅलऱ्या, काचेची दारं. तिथे राहायला आलेल्या लोकांना तलावाचा फार लळा लागला. इतका, की वर्षभरात त्यांनी तलाव बचाव मंच काढला. आता वाचवायचा म्हटल्यावर कुणापासून, हा प्रश्न आलाच. पलीकडच्या गॅलरीतून बघितलं की सगळ्यात स्पष्ट आम्ही दिसायचो. प्रश्न तिथेच सुटला.

नगरपालिकेने सभा घेतली. पंखे, माइक, पाण्याच्या सीलबंद बाटल्या, भिंतीवर तलावाच्या सुशोभीकरणाचा नकाशा. पाणी खात्याचे साहेब उभे राहिले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "हा तलाव आपल्या सगळ्यांचा आहे."

सासूबाई मागच्या रांगेतून उठल्या. "सगळ्यांचा आहे ना? मग नकाशात आमच्या बाजूला कुंपण आणि त्यांच्या बाजूला बाकडी, असं का?"

"आजी, तुमच्या साबणाने मासे मरतात."

"आणि आम्ही पाणी कुठलं प्यायचं?"

"टँकर येईल."

टँकर यायचा. पाहुण्यासारखा यायचा, म्हणजे त्याच्या मर्जीने, आणि आला की घरातल्या सगळ्यांनी कामं टाकून धावायचं. विहीर कुंपणाच्या आत गेली होती. कुंपणावर पाटी लागली: धुणे, भांडी घासणे, पाणी भरणे यास सक्त मनाई. पाटीवर एका बगळ्याचं चित्र होतं. बगळ्याला मनाई नव्हती.

कुंपणावर नजर ठेवायला रखवालदार हवा होता. वस्तीतलाच माणूस घ्या, म्हणजे वस्तीचंही भलं होईल, असं मंचाने सुचवलं. आणि त्यांनी कुणाला घ्यावं? माझ्या सासऱ्यांना.

मामंजी आधी लाकडाच्या वखारीवर पहारा करायचे. वखार बंद पडल्यापासून घरात बसून होते आणि सासूबाईंच्या तोंडाचा सगळा मारा त्यांच्यावर व्हायचा. माणूस सरळ, अगदी फूटपट्टीने आखल्यासारखा. सांगितलं ते करायचं, नाही सांगितलं ते नाही करायचं. खाकी गणवेश आणि शिट्टी मिळाल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. वस्तीतली पोरंटोरं त्यांना साहेब म्हणायला लागली. ते चिडायचे नाहीत, उलट मान हलवायचे.

टँकरच्या पाण्यात दवाखान्याच्या चादरी निघणं शक्यच नव्हतं. सासूबाई गठ्ठा घेऊन कुंपणाच्या फटीतून आत शिरल्या आणि नेहमीच्या दगडावर जाऊन बसल्या. पहिली चादर भिजली नाही तोच शिट्टी वाजली.

"अगं, बाहेर ये. मनाई आहे."

"अहो, मी आहे!"

"दिसतंय की. म्हणून तर हळू वाजवली."

मामंजींनी गठ्ठा जप्त केला आणि नियमाप्रमाणे ऑफिसात जमा केला. त्या दिवशी आमच्या घरात भांड्यांचा आवाजसुद्धा झाला नाही. सासूबाईंनी त्यांना जेवायला वाढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. तोफ गप्प झाली की जास्त भीती वाटायची.

सकाळी त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "अहो, तुम्हाला नेमकं सांगितलंय तरी काय?"

"तलावात कुणी घाण टाकली की शिट्टी वाजवायची."

"कुणीही?"

"कुणीही."

"चला माझ्याबरोबर."

त्यांनी मामंजींना तलावाला वळसा घालून पलीकडे नेलं. मीही मागोमाग गेले. तिथे फिरायची गुळगुळीत वाट होती आणि वाटेच्या कडेला फुलझाडांचा दाट वाफा. सासूबाईंनी वेल बाजूला सारला. खाली सिमेंटचा पाइप होता, आणि त्यातून इमारतींचं सगळं पोट तलावात रिकामं होत होतं. करडं, फेसाळ, वर काय काय तरंगत होतं ते सांगत नाही. वास तर रोजचाच होता. फिरायला येणारी माणसं नाकाला रुमाल लावून आमच्या बाजूला बघायची.

मामंजींनी वाकून पाइपाच्या तोंडाशी बघितलं. मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. पाइप थांबला नाही. मग तेही थांबले नाहीत.

सकाळची फिरायची वेळ. कानाला गाण्याची यंत्रं लावलेली माणसं दचकून यंत्रं काढायला लागली. मंचाच्या अध्यक्षबाई लगबगीने आल्या. "काका, काय चाललंय हे? लोकांना शांतता हवी असते इथे!"

मामंजींनी शिट्टी काढून नम्रपणे सांगितलं, "घाण पडतेय बाई. ती थांबली की मी थांबतो."

दुपारपर्यंत त्यांची नोकरी गेली. गणवेश ऑफिसातच उतरवून घेतला, वर "तुम्हाला सारासार विचार नाही" असं ऐकवलं. भर उन्हात बनियनवर चालत घरी आले. सासूबाई दारातच होत्या. जिने त्यांना आळशी, बावळट, लाकडाचा ओंडका, काय काय म्हटलं होतं, त्या बाईने आत जाऊन घरातली एकुलती एक खुर्ची आणली आणि दारात टाकली. "बसा," म्हणाल्या. एवढंच.

शिट्टीचा बोभाटा झाला होता, तेव्हा पाइपाचं काहीतरी करणं भाग होतं. केलं त्यांनी. पाइप लांबवला. तलावाला वळसा घालून रस्त्याखालून आमच्या वस्तीमागच्या नाल्यात आणून सोडला. नाल्याच्या कडेला आमचा हातपंप; विहीर बंद झाल्यापासून टँकर येणार नाही त्या दिवशी प्यायला सगळ्यांना तोच आधार, आणि सासूबाईंच्या धुण्यालाही. पलीकडे तलाव प्रदूषणमुक्त झाल्याचा कार्यक्रम झाला, फुगे सोडले. इकडे घरोघरी जुलाब सुरू झाले.

शेजारच्या शिंप्याच्या मुलीला कावीळ झाली. धुण्याचा गठ्ठा आणायला सासूबाई दवाखान्यात गेल्या, तर ती पोर त्यांनीच धुतलेल्या चादरीवर पिवळीधमक होऊन पडली होती. घरी आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी गठ्ठा न सोडता कोपऱ्यात तसाच टाकला.

नगरपालिकेत त्या खेटे घालायला लागल्या. साहेब म्हणाले, तलाव माझ्याकडे, नाला बांधकाम खात्याकडे. बांधकाम खातं म्हणालं, नाला आमचा पण त्यातलं पाणी आरोग्याचं. आरोग्य खात्याने पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. ही माणसं भरपूर शिकलेली होती, पण बादली उचलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

लॉजवाले फाटक्या चादरी आमच्याकडेच टाकून द्यायचे. एका दुपारी सासूबाईंनी त्या सगळ्या बाहेर काढल्या. आम्ही बायका नाल्यावर गेलो, लपूनछपून नाही, सगळ्यांच्या देखत. चादरींचे पीळ घातले, आत दगड बांधले आणि बांबूने ठोसून ठोसून पाइपाचं तोंड बुजवलं. मी बांबू सोडून पदर तोंडाला लावला. सासूबाई म्हणाल्या, "ओकायचं तर ओक, पण हात थांबवू नकोस."

संध्याकाळी इमारतींच्या तळघरात, जिथे गाड्या ठेवतात तिथे, पाणी वर आलं. आम्ही त्या पाण्याला चांगलं ओळखत होतो. त्यांची ओळख नवी होती.

ज्यांना महिनोन्‌महिने वस्तीची वाट सापडत नव्हती, ते सगळे तासाभरात हजर झाले. साहेब, हवालदार, अध्यक्षबाई. अध्यक्षबाईंची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोळ्यांत पाणी. "आमच्या घरात घाण आली आहे! कळतंय का तुम्हाला?"

"आली नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "या वेळी फक्त गेली नाही."

हवालदाराने विचारलं, कुणी केलं. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, पण सासूबाईंनी त्यांना दटावून गप्प केलं आणि एकट्याच गेल्या. त्या चौकीत होत्या तोवर मामंजी बाहेरच्या पायरीवर बसून होते. घरी चला म्हटलं तर म्हणाले, "मला इथेच बसायचंय." कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी केलेली ही एकच गोष्ट मला आठवते.

मग कळलं की सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र इमारतीतच बसवायचं ठरलेलं होतं. कागदावर ते बसलेलंही होतं. यंत्राच्या खोलीत बिल्डरने व्यायामशाळा काढली होती. आता मंचाचा सगळा राग बिल्डरवर वळला. खरं सांगायचं तर त्या अध्यक्षबाईंनीच त्याला कोर्टात खेचलं आणि यंत्र बसवून घेतलं. लोकांना पाण्याची कळकळ असतेच, फक्त ते घोट्यापर्यंत यावं लागतं. वस्तीत नळ आला. शिंप्याची मुलगी बरी झाली, पण तिचं शाळेचं वर्ष गेलं. कुंपण राहिलं ते राहिलंच. लॉजवाल्यांनी धुणं मशीनवाल्याला दिलं आणि सासूबाईंचं निम्मं काम गेलं. मंचाला मात्र कसलंसं पारितोषिक मिळालं. समारंभात सासूबाईंना एक रोप द्यायचं ठरलं, तर बोलवायला आलेल्या पोरीला त्या म्हणाल्या, "कुंडीतलं झाड? जिने जन्मभर तलाव बघितला तिला? जा, तुमच्या गॅलरीत ठेवा."

इथे ही गोष्ट संपवली तर आमची वस्ती फार चांगली दिसेल. पण पुढच्या उन्हाळ्यात नाल्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या वीटभट्टीच्या बायका आल्या. त्या ज्या डबक्यातून पाणी भरायच्या, त्यात आता आमच्या न्हाणीघरांचं आणि नळाचं सांडपाणी जात होतं. आमच्यातले पुरुष लगेच म्हणाले, आम्ही गरीब माणसं, आमचं कितीसं ते. कुणीतरी म्हणालं, त्यांनी टँकर मागावा.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मग अशा सुटल्या की साहेबांनाही त्यांनी कधी तसं झोडपलं नव्हतं. "दोन महिने नळ काय आला, लगेच गॅलरीत जाऊन बसलात!" म्हणाल्या. सांडपाणी जागच्या जागी जमिनीत मुरावं म्हणून घरोघरी शोषखड्डे खणायचे ठरले. गुडघे गेलेले असूनही पहिली कुदळ त्यांनी स्वतः मारली. मग आम्ही सगळे गेलो. कुरकुरत, एकमेकांवर काम ढकलत, पण गेलो.