मोठ्या डॉक्टरांचा हातगुण

आमच्या भागात डॉक्टरची पारख पदवीवरून होत नाही, औषधावरूनही होत नाही. ती हातावरून होते. एखाद्याच्या हाताला गुण असतो, एखाद्याच्या नसतो, आणि हे गाव एकदाच ठरवतं. मग त्यावर अपील नाही. माझ्या हाताला गुण नाही असं आमच्या गावानं मी दवाखाना उघडला त्याच वर्षी ठरवलं, आणि आज मी म्हातारा झालो तरी कुणी ते मागे घेतलेलं नाही. हे शांतपणे लिहावं असं मनात होतं. जमेल असं वाटत नाही.

गाव मोताळ्याच्या पलीकडचं, आठवडी बाजाराचं. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि माय बाजारात पोतं अंथरून मिरची विकायची. नागपूरला मी शिकलो तो शिष्यवृत्तीवर आणि शेटजींच्या ढ मुलांना गणित शिकवून. दवाखान्याचं टेबल मलकापूरच्या जुन्या सामानवाल्याकडून भाव पाडून घेतलं, आणि वर त्याच्याकडून स्टूल फुकट काढलं. भाव करणं मी मायकडूनच शिकलो. ती गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत नसे. गिऱ्हाईक अडून बसलं की ती मिरच्यांवर पोत्याचं टोक ओढायची आणि उठायला लागायची. बस. दहा पावलं गेलेलं गिऱ्हाईक परत यायचं.

गावात आधीपासून एक डॉक्टर होते. घरची मोठी जमीन, पांढरंशुभ्र धोतर, चौसोपी घराच्या ओसरीवर दवाखाना. त्यांच्याजवळ कसली पदवी नव्हती, जुन्या काळचा एक परवाना होता. लोक त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचे आणि मला नवे डॉक्टर. माझे केस पांढरे झाले तरी मी नवाच. त्यांच्या हाताच्या गुणाच्या गोष्टी पार लांबच्या सुलतानपूर-बीबीकडून लेकीकडं आलेले पाहुणेसुद्धा सांगायचे. त्यांनी नाडी धरली की माणूस उठून बसतो. त्यांच्या हातून कुणी दगावलं नाही.

हे शेवटचं वाक्य खरं होतं. कसं खरं होतं, ते मला बापाच्या मरणानं शिकवलं.

बापाच्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट घुसला. मला न सांगता तो मोठ्या डॉक्टरांकडे गेला, कारण लेकाचा दवाखाना नवा, आणि लेकाला कशाला त्रास. त्यांनी जखम धुतली, मलम लावलं, रोज बोलावलं. एक दिवस बापाला भाकरीचा घास चावता येईना. जबडा धरला होता. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मायला म्हणाले, तुमचा लेक एवढा शिकून आला आहे, आता त्याच्याकडेच न्या. माय हुरळली. लेकाचा मान ठेवला असं तिला वाटलं. खाटेवर घालून बापाला माझ्याकडे आणलं, मागं अर्धा बाजार. धनुर्वात. औषधासाठी मी माणूस खामगावला पिटाळला, पण तो परत यायच्या आत झटके वाढले. झटके थांबावेत म्हणून मी सुई दिली आणि माझा हात त्याच्या दंडावर असतानाच बाप गेला.

गावानं पाहिलं ते एवढंच. मोठ्या डॉक्टरांकडे माणूस चालत जात होता, लेकानं सुई मारली आणि मेला.

पुढं तेच मी वारंवार पाहिलं. पोट फुगून निळं पडलेलं पोर, तीन दिवस अडलेली बाई, रक्ताच्या उलट्या करणारा म्हातारा. सगळे आधी तिकडे. त्यांची नजर तयार होती, हे मी नाकारत नाही. कोण वाचणार नाही हे त्यांना माझ्या सगळ्या पुस्तकांच्या आधी कळायचं. कळलं की हात मागे घ्यायचे आणि म्हणायचे, नव्या डॉक्टरांकडे न्या, त्यांच्याकडे नवीन औषधं आहेत. सर्दी, खोकला, हिवताप त्यांचा. मरण माझं. लोक मला विचारतात, मग तुम्ही का घेत होता असले पेशंट? धाडायचे बुलढाण्याला. धाडत होतो ना, ज्यांना गाडी मिळायची त्यांना. बाकीचे माझ्या पायरीवर असायचे. त्यांना परत फिरवलं असतं तर माझ्यात आणि ओसरीवरच्या त्या धोतरात फरक काय राहिला असता? दया वगैरे मला फारशी येत नाही. हट्ट होता.

हे सगळं मी मायला सांगितलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची की लोकांचं बरं होतं ते काय लबाडीनं होतं का? लेक डॉक्टर असून ती साध्या मोडशीलासुद्धा त्यांच्याकडे जायची. बाजारात पोतं अंथरणंही तिनं सोडलं नाही. माझ्या दवाखान्यावरून, डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं घेऊन, ती त्यांच्या ओसरीवर खोकल्याचं औषध आणायला जायची आणि बाकावरचे माझे चार पेशंट ते बघायचे.

खोकला थांबेना. मग ती वाळायला लागली. एका सकाळी माझ्या बायकोनं मला तिचा पदर दाखवला, त्यावर रक्त होतं. मी मायला ओढतच एक्स-रेला नेलं. क्षय होता, एका बाजूला बराच. घरात दोन लहान मुलं. औषध होतं, तो रोग बरा होण्याचे दिवस आले होते. रोज सुई आणि वर गोळ्या, कित्येक महिने, एक दिवसही न चुकवता. सुयांच्या कुप्या जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळायच्या, त्याही भांडून. मी भांडलो आणि घेऊन आलो. स्टोव्हवर सिरिंज उकळली आणि तिला हात पुढं कर म्हणालो.

तिनं हात पदराखाली घेतला. सुई घेईन, पण मोठ्या डॉक्टरांच्या हातची.

मी किती ओरडलो ते शेजाऱ्यांना विचारा. सिरिंज आपटली, तिची काच घरभर झाली. बायको मुलांना घेऊन मागच्या दारी गेली. माय शांत होती. मी दमल्यावर ती म्हणाली, "तुह्या बापाले मी तुह्या हाती देल्लं. आता मले नको देऊ."

मग ती उठली, दोन लुगडी फडक्यात बांधली आणि बहिणीच्या गावाला जायला निघाली. पोत्याचं टोक ओढलं होतं तिनं. ती माझ्यावर तो डाव टाकत होती हे मला कळत होतं, आणि ती खरंच गेली तर दोन महिन्यांत मरेल हेही कळत होतं. ती उंबऱ्यापर्यंत गेली. मी म्हणालो, बस खाली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या ओसरीवर चढलो. मोठ्या डॉक्टरांनी चहा मागवला. मी तो घेतला नाही. सांगितलं की औषध माझं, हात तुमचा.

ते सुपारी कातरू लागले. मग म्हणाले, "आणि कमीजास्त झालं तर?"

"माझं औषध वाईट होतं असं सांगा."

"आणि बरं झालं तर?"

"ते लोक सांगतीलच. पण माझी एक अट आहे. मध्येच तिला माझ्याकडे धाडायचं नाही. शेवटपर्यंत हात लावायचा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचा धंदा मला कळला आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. थोडे हसले. "तुम्ही बाजारातच बसायला हवं होतं, डॉक्टर," ते म्हणाले. "बरं. या दुखण्यापुरतं कबूल."

‘या दुखण्यापुरतं’ हे शब्द माझ्या कानावरून गेले. माझ्यासारख्या भाव करणाऱ्यानं तिथंच थांबायला हवं होतं.

त्यांनी शब्द पाळला. कुप्या मी पोचवायच्या, गोळ्याही त्यांच्या कागदाच्या पुडीत बांधून जायच्या, आणि माय रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन सुई घेऊन यायची. परत आली की दंड चोळत म्हणायची, कळलंसुद्धा नाही, असा हलका हात. मी जेवणावरून उठून जायचो. हळूहळू ताप गेला, भूक आली, अंगावर मांस दिसायला लागलं. वर्ष सरता सरता तिनं पुन्हा बाजारात पोतं अंथरलं आणि मिरची जोखता जोखता गिऱ्हाइकांना सांगायला लागली की मरणाच्या दारातून मोठ्या डॉक्टरांनी ओढून आणलं. माझ्या दवाखान्यासमोरच सांगायची. एका बाजारी मी बाहेर जाऊन तिच्यापुढं उभा राहिलो.

"काऊन चिडून राह्यला बापू?" ती म्हणाली. "मी जित्ती हाय ना?"

होती. मी आत गेलो.

पुढं बऱ्याच वर्षांनी तिचे पाय सुजले, मग पोटात पाणी झालं. चालताना धाप लागायची. छातीला नळी लावायला ती मला देईना, पण लांबून दिसतच होतं की हृदय थकलं आहे. मला न सांगता ती शेजाऱ्याची बैलगाडी करून ओसरीवर गेली. दुपारी तीच गाडी परत आली, घरापाशी न थांबता दवाखान्याच्या दारात थांबली. मी सुई भरत होतो. गाडी तिथं थांबलेली पाहिली आणि मला सगळं समजलं. आजवर इतक्या गाड्या त्या जागी थांबल्या होत्या.

तिला आत घेतलं, टेबलावर बसवलं. काय म्हणाले, असं विचारलं.

"नाडी पाह्यली. मंग म्हणे, आता लेकाच्याच हातचं घ्या." तिनं थांबून दम घेतला. "तुह्या बापालेबी असंच धाडलं व्हतं ना त्यानं?"

"मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत होतो?" मी ओरडलोच. बाहेरच्या बाकावर सगळ्यांना ऐकू गेलं असेल.

"हाव," ती म्हणाली. "दे आता सुई."

तिनं हात पुढं केला. लघवी सुटून धाप कमी व्हावी म्हणून मी सुई दिली. तिला थोडे दिवस टेकून का होईना झोपता आलं, नातवंडांशी बोलता आलं. मग गेली. मी जवळच होतो. तिच्या दंडावर या वेळीही माझा हात होता.

मोठे डॉक्टर भेटायला आले. लोकांनी त्यांना खुर्ची दिली, पाया पडले. ते माझ्या अंगणात बसून हळू आवाजात सांगत होते की आमच्याकडे येत होत्या तोवर चांगल्या होत्या. माना हलल्या. कुणीतरी मागं म्हणालंच, आईलाही गुण आला नाही याच्या हाताचा.

तेवढ्यावर मी उठलो. सुतक होतं, डोक्यावर केस नव्हते, तरी चपला घातल्या आणि दवाखान्याची कडी काढली. पायरीवर खाट टेकवून एक बाप-लेक बसले होते. म्हातारा पिवळाधमक, पोट तट्ट फुगलेलं. लेक म्हणाला, मोठ्या डॉक्टरांनी सकाळी पाहून तुमच्याकडं धाडलं.

त्या लेकाला मी आधी येतील तेवढ्या शिव्या दिल्या. मग हात धुतले आणि म्हाताऱ्याला आत घेतलं.